आरोग्य संशोधन संस्थेत रुजू झालात? आचारसंहिता रोजच्या कामात अशी पाळा

रुजू होण्याच्या दिवशी आचारसंहितेवर सही घेतात आणि तो कागद फाइलला लागतो. पुढे घोळ होतात ते त्यातल्या मोठ्या तत्त्वांवरून क्वचितच. घोळ होतो तो दुपारी तीन वाजता, अजून दोन घरं बाकी असताना, एका रिकाम्या चौकटीत काय लिहायचं यावरून. गावोगाव जाऊन प्रश्नावली भरणारे, रक्तदाब-वजन मोजणारे, रक्ताचे नमुने घेणारे आणि त्यावर लेख लिहिणारे अशा सगळ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मुख्य आधार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा.

मंजुरीआधी काहीच सुरू करू नका

नैतिकता समितीचं, म्हणजे सहभागींच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एकाही माणसाकडून माहिती घ्यायची नाही. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, निम्मे सदस्य बाहेरचे असावेत अशी अपेक्षा असते आणि बैठकीला किमान ५ जण हजर लागतात. बैठकांच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून अर्ज वेळेत द्या. सर्वात जास्त चूक होते ती ‘पायलट’मध्ये. ‘आधी दहा घरी प्रश्नावली चालवून बघू, मग अर्ज करू’ असं म्हणतात. त्या दहा घरांतही माणसंच राहतात, त्यामुळे पायलटचाही उल्लेख अर्जात हवा.

मंजुरी मिळाल्यावर एखादा प्रश्न वाढवला, नवा तालुका घेतला, मोबदल्याची रक्कम बदलली, तर दुरुस्तीचा अर्ज करून मंजुरी घ्यायची आणि मगच बदल अमलात आणायचा. संमतीपत्राचा मराठी मसुदाही समितीने पाहिलेला असला पाहिजे. इंग्रजी मंजूर करून घ्यायचं आणि मराठी ऐनवेळी कुणाकडून तरी करून घ्यायचं, हे चालणार नाही. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्यांना समजावून सांगायचं असेल तर काय बोलायचं ते आधी लिहून, भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दुभाषी त्याच घरचा किंवा गावचा पुढारी नसावा.

क्लिनिकल ट्रायल (औषध किंवा उपचाराची माणसांवरची चाचणी) असेल तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’वर नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे स्वीकारत नाहीत. ट्रायलमध्ये सहभागीला गंभीर अपाय झाला, तर मुख्य संशोधकाने २४ तासांच्या आत नैतिकता समितीला कळवायचं असतं. त्यामुळे रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर प्रत्येक क्षेत्र-कर्मचाऱ्याच्या खिशात असू द्या.

संमती कशी घ्यायची

सरपंचांची परवानगी, ग्रामसभेचा ठराव, आशाताईंनी करून दिलेली ओळख या सगळ्याने गावात शिरता येतं. संमती मात्र ज्याची त्याने द्यायची असते. सुनेच्या वतीने सासूने किंवा बायकोच्या वतीने नवऱ्याने ‘हो, लिहा’ म्हटलं, तर ती संमती नाही.

क्रम असा ठेवा. आधी स्वतःचं नाव आणि संस्थेचं नाव सांगा, ओळखपत्र दाखवा. आपण सरकारी माणसं नसाल तर ते स्पष्ट सांगा, कारण तालुक्याची जीप आणि वही-पेन पाहून लोक रेशन किंवा घरकुल योजनेचं काम समजतात आणि नाही म्हणायला घाबरतात. मग माहितीपत्रक वाचून दाखवा: अभ्यास कशाचा आहे, किती वेळ लागेल, काय विचारणार, काय टोचणार, त्रास काय होऊ शकतो, फायदा नसेल तर तेही. ‘५ मिली रक्त’ म्हणण्याऐवजी ‘एक चहाचा चमचा’ म्हणा. नमुना उरला तर पुढच्या अभ्यासासाठी ठेवायचा का, याला वेगळा हो-नाही रकाना हवा. मुख्य संमतीत ते गुंडाळू नका.

त्यानंतर विचारा, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का? मधेच नको वाटलं तर काय कराल?” उत्तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ असं आलं, तर समजलेलं नाही. पुन्हा सांगा. सही त्यानंतर. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा आणि त्याचीही सही हवी; साक्षीदार आपल्याच चमूतला नको. तारीख सहभागीने किंवा साक्षीदाराने स्वतः घालावी. एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या. ही प्रत न देणं ही तपासणीत सर्रास सापडणारी त्रुटी आहे आणि तिचं कारण साधं असतं: झेरॉक्स कमी काढलेल्या असतात. म्हणून घरांच्या संख्येच्या दुप्पट प्रती, वर थोड्या जास्त.

१८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार घ्या. आईने हो म्हटलं आणि मूल मागे सरकलं, तर तिथेच थांबायचं.

मुलांना किंवा किशोरींना ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणावरही ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. आधी वचन दिलं आणि मग तक्रार नोंदवली, तर त्या मुलीच्या दृष्टीने आपण विश्वासघात केलेला असतो. गोपनीयतेची ही मर्यादा संमतीपत्रातच, साध्या शब्दांत लिहा.

बुडालेल्या मजुरीची भरपाई देणं योग्य आहे. पण केवळ पैशासाठी धोका पत्करावासा वाटेल इतकी रक्कम ठेवू नये. मधेच थांबलेल्यालाही त्या वेळेचे पैसे द्या, नाहीतर माघार घेण्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं.

विचारताना जे समोर येतं त्याचं काय करायचं

रक्तदाब मोजताना १८०/१२० निघाला तर ‘आम्ही फक्त सर्व्हे करतो’ म्हणून पुढच्या घरी जाता येत नाही. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा, आकडा तेवढाच असेल तर त्याच दिवशी चिठ्ठी लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. छातीत दुखणं, धाप, अंधारी येणं असं काही असेल तर १०८ ला फोन करा. कोणत्या आकड्याला काय करायचं याचा तक्ता प्रशिक्षणातच हातात द्यावा.

घरातल्या हिंसाचाराचे प्रश्न एकांताशिवाय विचारू नयेत, आणि एका घरात एकाच बाईला विचारावेत. मधेच कुणी आलं तर लगेच वळायला स्वयंपाकाचं इंधन, पाण्याची सोय असे निरुपद्रवी प्रश्न तयार ठेवा. त्या बाईला मदतीची माहिती द्या, पण छापील कागद घरी सापडला तर तिला मार बसू शकतो. म्हणून १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा आणि तिलाच विचारा, लिहून दिलं तर चालेल का.

नोंदी

कागदावरच्या चुकीवर एक आडवी रेघ मारा, बाजूला बरोबर उत्तर, आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर वापरायचा नाही, खाडाखोड करायची नाही. मूळ उत्तर वाचता आलं पाहिजे. राहून गेलेलं उत्तर आठवून भरू नका. फोन करून विचारलं असेल तर ‘फोनवर, अमुक तारखेला’ अशी नोंद करा, आणि मिळालंच नाही तर तसा कोड टाका. रिकामी जागा विश्लेषणात सांभाळता येते. बनावट उत्तर एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही.

घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या ओळखू येतात. पाऊण तासाची मुलाखत बारा मिनिटांत संपलेली दिसते. जीपीएसचे सगळे बिंदू एकाच झाडाखाली असतात. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की पुढे वीस प्रश्न उघडतात, त्याला एकाच सर्वेक्षकाकडे सतत ‘नाही’ येतं. डायलच्या यंत्रावर रक्तदाब २-२ च्या घराने वाचतात, म्हणजे शेवटचा आकडा शून्य साधारण पाचात एकदा यायला हवा. दहापैकी आठ नोंदी शून्यावर संपल्या तर मापन नीट झालेलं नाही, किंवा झालेलंच नाही. दर दहांतल्या एका घरी पर्यवेक्षकाने परत जाऊन चार-पाच न बदलणारे प्रश्न विचारावेत.

सर्वेक्षकाला दोषी ठरवण्याआधी त्याचं रोजचं लक्ष्य मोजा. पाऊण तासाची प्रश्नावली, घरं शोधणं, संमती आणि पाड्यांतलं चालणं धरून दिवसाला चार-पाच मुलाखती प्रामाणिकपणे होतात. दहाचं लक्ष्य आणि मुलाखतीमागे पैसे असा करार करणारी संस्था खोट्या नोंदींना स्वतः आमंत्रण देते, आणि ती जबाबदारी मुख्य संशोधकाची आहे.

नावं झाकणं

नाव-पत्ता आणि उत्तरं एका फाइलमध्ये नकोत. प्रत्येकाला कोड द्या. कोड आणि नाव जोडणारी यादी पासवर्ड लावून वेगळ्या ठिकाणी, दोनच जणांकडे. भरलेल्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून शंका विचारण्याची सवय ताबडतोब बंद करा: शंका कोड नंबर आणि प्रश्न क्रमांक लिहून विचारता येते. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असंही नाही. एकशिक्षकी शाळेच्या गावातली ‘शिक्षिका, वय ३४, घटस्फोटित’ सगळ्या पंचक्रोशीला कळते. अहवालात वय गटात द्या, व्यवसाय ढोबळ करा, आणि पाचपेक्षा कमी माणसांचे रकाने एकत्र करा.

श्रेय आणि उसनवारी

लेखकांची यादी आणि क्रम अभ्यास सुरू होताना लिहून ठेवा, काम बदललं की तो कागदही बदला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी घालते: आखणी, माहिती-संकलन किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तरदायित्व. चारही लागतात. निधी आणला, विभागप्रमुख आहेत, एवढ्यावर नाव लागत नाही. उलट, वर्षभर गावात राहून अर्थ लावायला मदत करणाऱ्या क्षेत्र-कर्मचाऱ्याला मसुदा वाचायची संधीच न देणं आणि मग ‘तो अटीत बसत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. एआय साधनाला लेखक करता येत नाही. वापरलं असेल तर कुठे ते सांगा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. पण साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला समजू नका. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणून संदर्भ न देणं ही चोरीच आहे आणि बहुतेक वेळा ती सॉफ्टवेअरला दिसत नाही.

तक्रार, आणि संस्था सोडताना

गैरप्रकार दिसला तर तारीखवार टिपण ठेवा: काय पाहिलं, कुठल्या फाइलमध्ये, कोण हजर होतं. ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलं’ वेगळं लिहा. पुरावा म्हणून सहभागींची माहिती घरी नेऊ नका. फाइलचं नाव आणि जागा नोंदवली की पुरे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तो चौकशीत नको. सहभागींना धोका असेल तर थेट नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांना लिहा. लैंगिक छळाची तक्रार मात्र अंतर्गत समितीकडे जाते. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे, आणि सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते.

संस्था सोडताना वह्या, संमतीपत्रं, पासवर्ड आणि नमुन्यांची यादी सही घेऊन सुपूर्द करा, लॅपटॉप-फोनमधल्या प्रती दुसऱ्या माणसासमोर पुसा. अभ्यास संपल्यावर नोंदी किमान तीन वर्षं, नियामक मंजुरीसाठीच्या ट्रायलमध्ये पाच वर्षं जपायच्या असतात. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते सुपूर्दनाम्यात लिहा.