मंदीच्या काळातली मॅच खरंच पावसानेच रद्द झाली का, हे कसं शोधायचं

१९२९ ते ३३ च्या महामंदीतल्या अमेरिकेबद्दल वाचायला घेतलं की बुडालेल्या बँका, बेकारी आणि सूपसाठी लागलेल्या रांगा एवढंच समोर येतं, पावसाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण तेव्हा बेसबॉल, घोड्यांच्या शर्यती, मोर्चे सगळं उघड्यावरच चालायचं, त्यामुळे एक सर आली की कोणाचा तरी गल्ला बुडायचाच.

सुरुवात बेसबॉलपासून करा, कारण नोंदी आयत्या मिळतात. रेट्रोशीट नावाची फुकट साईट आहे, तिथे जुनी वेळापत्रकं आहेत, कुठली मॅच पुढे गेली, का गेली, परत कधी झाली हे त्यात असतं. कारण म्हणून पाऊस, ओलं मैदान, थंडी असं काहीतरी दिलेलं असतं. ते लगेच खरं धरू नका!

का ते सांगतो. मोठ्या लीगच्या (म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या बेसबॉलच्या) मॅचेसना १९३० मध्ये साधारण १ कोटी १ लाख लोक आले होते, १९३३ मध्ये तो आकडा ६१ लाखांच्या आसपास आला. सेंट लुईस ब्राउन्स या टीमकडे तर १९३३ च्या अख्ख्या सीझनमध्ये घरच्या मैदानावर ९० हजारसुद्धा माणसं फिरकली नाहीत. अशात मंगळवारी दुपारी रिकाम्या स्टँडपुढे खेळण्यापेक्षा आभाळाकडे बोट दाखवून मॅच रद्द करायची आणि रविवारी एका तिकिटात दोन मॅच लावून गर्दी खेचायची, हे मालकांना जास्त परवडायचं. म्हणजे पेपरात पाऊस छापून आला म्हणून तो पडलाच असेल असं नाही, आणि शोधाची खरी मजा इथेच आहे.

मग पडताळा. वेदर ब्युरोच्या, म्हणजे तिथल्या सरकारी हवामान खात्याच्या, रोजच्या नोंदी आणि हवामानाचे नकाशे ऑनलाइन स्कॅन केलेले आहेत. पाऊस इंचात असतो, सगळ्यात छोटा आकडा ०.०१ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, त्याहून कमी असेल तर टी (ट्रेस, म्हणजे नाममात्र) एवढंच अक्षर. मॅच पावसाने रद्द आणि नोंदीत नुसता टी, असं दिसलं की संशय घ्या. पण आदल्या दिवशीचा आकडाही बघा, रात्री धो धो पडून सकाळी ऊन आलं तरी मैदान चिखल असू शकतं. शिवाय पर्जन्यमापक बऱ्याचदा शहराच्या मध्यात एखाद्या इमारतीच्या गच्चीवर असायचा, मैदान काही मैल लांब, आणि उन्हाळ्यातली वादळी सर या गल्लीत पडते त्या गल्लीत नाही, त्यामुळे एका आकड्यावरून मालकाला खोटारडा ठरवू नका.

वेळेचा घोळ सगळ्यात जास्त नडतो. १९३५ पर्यंत मोठ्या लीगमध्ये दिव्यांखाली मॅच झालीच नव्हती, सगळं दुपारी, म्हणजे रात्री नऊला पडलेल्या पावसाचा त्या दिवशीच्या मॅचशी संबंध नाही. मोठ्या ऑफिसांकडे तासागणिक आकडे असायचे, पण गावोगावचे स्वयंसेवक दिवसातून एकदाच मोजायचे, कोणी सकाळी, कोणी संध्याकाळी. सकाळी मोजणाऱ्याच्या वहीत आजच्या तारखेला कालचा पाऊस असतो. त्यात न्यूयॉर्कसारख्या शहरात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असायचं आणि ब्युरो जुन्याच वेळेवर, म्हणजे तीनची मॅच नोंदीत दोनला शोधायची.

मॅच सुरू होऊन मध्येच थांबली असेल तर किती इनिंग झाल्या ते बघा. नऊपैकी पाच पूर्ण झाल्या की (घरची टीम पुढे असेल तर साडेचार) मॅच अधिकृत, मग तिकिटाचा तुकडा दाखवून दुसऱ्या दिवशी फुकट आत जाता येत नव्हतं.

शर्यतींचं सोपं आहे, निकालाशेजारी ट्रॅक कसा होता ते छापलेलंच असतं. १६ ऑगस्ट १९३० ला न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या ट्रॅकवर चिखलात जिम डँडी नावाच्या घोड्याने त्या वर्षीच्या ट्रिपल क्राउन (तीन मोठ्या शर्यती) विजेत्या गॅलंट फॉक्सला हरवलं, भाव शंभरास एक होता.

मोर्चांना मात्र ही पद्धत लावू नका, ते पुढे ढकलले जात नाहीत, माणसं भिजत बसतात. १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातल्या सेवेचा कबूल केलेला बोनस मागायला आलेले माजी सैनिक वॉशिंग्टनला अनाकोस्टिया नदीकाठच्या सखल जागेत भंगारातून झोपड्या करून राहिले होते, तिथे पाऊस म्हणजे तळावर नुसता रबरबाट. इथे रद्द किंवा तहकूब असले शब्द शोधून काही हाती लागत नाही, चिखल, तंबू, आजारपण असे शब्द टाका. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं जुन्या पेपरांचं क्रॉनिकलिंग अमेरिका त्यासाठी बेस्ट. स्कॅनवरून शब्द वाचताना कॉम्प्युटर भरपूर चुकतो, म्हणून शोधून सापडलं नाही तरी त्या तारखेचं पान स्वतः उघडून बघा, आणि पुढच्या दोन दिवसांचीही.

न पडलेला पाऊस पण सोडू नका. ३ जानेवारी १९३१ ला आर्कान्सा राज्यातल्या इंग्लंड नावाच्या गावात शेकडो शेतकरी अन्न मागत बाजारात घुसले, रेड क्रॉसकडचे मदतीचे फॉर्म संपले हे तात्कालिक कारण, पण मूळ कारण १९३० चा दुष्काळ. त्या आठवड्याची हवा बघून काही कळणार नाही, आदल्या उन्हाळ्याचे महिनावार आकडे काढा आणि नेहमीच्या सरासरीशेजारी ठेवा.