मुरूम काढलेल्या रानाची परत जमीन कशी करायची

रस्त्याच्या कामाला मुरूम दिला, आलेले पैसे बोअर आणि बहिणीच्या लग्नात संपले आणि मागं उरला पुरुषभर खोल खड्डा, ही कथा सोलापूर साईडला बऱ्याच घरांत सापडंल. आमच्यापण. एक एकराचा तुकडा परत पेरणीला आणायला आम्हाला चार वर्षं लागली, त्यातली दोन निव्वळ येडेपणात गेली, म्हणून हे लिहितोय.

अजून मुरूम काढायचाच असेल तर आधी वरची माती वाचवा. आपल्या माळावर माती असते किती, वीतभर, लय झालं तर हातभर. पहिला हायवा (मोठा टिपर ट्रक) भरायच्या आधी ती पोकलेनला खरडायला लावून बाजूला ढीग मारून घ्या. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सगळं एकत्रच उचलतो, नंतर बघू, आणि आमचे आण्णा मान हलवून मोकळे. नंतर कुणी बघत नसतं. ढीग माणसाच्या उंचीच्या वर नको, आत हवा खेळत नाही आणि माती मरते, आणि पाऊस पडला की त्यावर हुलगा नायतर ताग फेकून द्या म्हणजे वाहून जात नाही.

या मातीची किंमत कळत नसेल तर हिशोब बघा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्यावर नुसता सहा इंचाचा थर द्यायचा म्हटलं तरी २१,७८० घनफूट, म्हणजे जवळपास २१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हायवा ५ ब्रासचा धरला तर ४४ खेपा! वर दाबून बसल्यावर थर कमी होतो तो वेगळाच.

माती गेलीच असेल तर तलावातला गाळ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की तहसीलला परवानगीची चौकशी करा. पण गाळ फुकट दिसला म्हणून ट्रॉल्या लावू नका, आधी चार ठिकाणचा गाळ एकत्र करून माती परीक्षणाला द्या, सामू (पीएच) आणि ईसी (खारटपणाचा आकडा) बघा. आपल्याकडं चुनखडी आधीच जास्त, त्यात खारट गाळ आणून टाकला तर रान चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट आणि पाणी न मुरणारं, करून घ्याल.

आता आमची चूक. आम्ही गाळ आणला आणि खाणीच्या तळावर तसाच पसरला. पोकलेन आणि हायवा गाड्या वर्षभर फिरून तळ रस्त्यासारखा झालेला हे डोक्यातच आलं नाही. सप्टेंबरचा पाऊस झोडपून गेला, पाणी पंधरा दिवस हललं नाही, तूर उभी वाळली. उकरून बघितलं तर वर चिखल, खाली फावडं टण्ण वाजतंय आणि त्याच्याखालचा मुरूम कोरडा ठणठणीत.

म्हणून गाळ टाकायच्या आधी तळ फोडा. मे महिन्यात, कडक वाळलेला असताना, उताराला आडवं, दीड-दोन फूट खोल, ट्रॅक्टरचा सबसॉयलर (खोल फोडणारा नांगर) नाही घुसला तर पोकलेनला रिपरचा दात लावून. ओल्यात फोडलं तर नुसती चिरी पडते, तुटत नाही. मग एक फूट खड्डा घेऊन पाणी भरा, दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर परत फोडा, दुसरा इलाज नाही. गाळसुद्धा एकदम नको, आधी दोन-तीन इंच टाकून मुरमात कालवून घ्या आणि मग उरलेला वर, नाहीतर चिकण माती आणि मुरूम यांची सरळ रेघ पडते आणि पाणी त्या रेघेवरच अडतं. गोटे निघतील ते कडेला.

खड्ड्याच्या उभ्या भिंती ढासळतात, त्या पाडून एक फूट उंचीला तीन फूट आडवं असा उतार करा आणि वरच्या कडेला बांध घाला म्हणजे शेजारच्या रानाचं पाणी आत कोसळत नाही. सगळ्यात खोल कोपरा भरूच नका, तिथं पाणी साठू द्या, खालच्या विहिरीला फायदा होतो. उतारावर गवत येऊ द्या, सीताफळ आणि बोर लावा, वेडी बाभूळ मात्र रोप असतानाच उपटा.

खतात आम्हाला सगळ्यात भारी पडल्या मेंढ्या. धनगराला सांगून आठ-दहा रात्री मेंढ्या बसवल्या, लेंड्या आणि मूत जागेवरच. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसातली मळी) पण चांगली, पण कुजवलेली आणा, ताजी गरम पडते. मग जून-जुलैत ताग, एकरी २०-२५ किलो, आणि फुलावर आला की गाडायचा, फूल गेल्यावर काडी लाकडासारखी होते.

पहिल्या वर्षी मालदांडी ज्वारीचा मोह धरू नका, ती साठलेल्या ओलीवर येते आणि तुमच्या सहा इंचात ओल टिकणारच नाही. हुलगा, मटकी घ्या, पाला रानातच पडू द्या. आम्ही यंदा परत तूर केली आणि मुद्दाम एक झाड उपटून बघितलं, मूळ गाळातनं खाली फोडलेल्या मुरमात वीतभर गेलंय.