‘मिक्समध्ये बघू’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

नव्या बँडचा अल्बम बिघडला की खापर फुटतं प्लगइनवर (आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), माइकवर, नाहीतर मास्टरिंगवाल्यावर (गाण्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्यावर). माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा दहा मिनिटांचं एखादं साधं काम कुणीतरी पुढे ढकललेलं असतं. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे खालची चिडचिड थोडी माझ्यावरचीही आहे.

सगळ्यात आधी ते लाडकं वाक्य: ‘मिक्समध्ये बघू.’ म्हणजे आता राहू दे, सगळे ट्रॅक एकत्र बसवताना निस्तरू.

आमच्या पहिल्या अल्बममध्ये एका गाण्याच्या कोरसला डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटलेल्या आवाजाच्या) चार गिटारी एकावर एक चढवायच्या होत्या. सकाळी ट्यूनर लावून तारा जुळवल्या आणि मग दुपारपर्यंत कुणी ट्यूनरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तारा त्याच सकाळी चढवलेल्या, कोऱ्या करकरीत. अशा तारा ताणून बसेपर्यंत उतरत राहतात. त्यात खोली तापलेली. ‘जी’ (G) स्वराची तार दर टेकला, म्हणजे वाजवण्याच्या दर फेरीला, केसभर खाली येत गेली. तिसऱ्या ट्रॅकला मी म्हटलंही, “काहीतरी खटकतंय.” गिटारवाला म्हणाला, “अरे, एवढ्या डिस्टॉर्शनमध्ये कोणाला कळतंय? मिक्समध्ये बघू.” मीही गप्प बसलो, कारण स्टुडिओचं मीटर चालू होतं.

खरं तर डिस्टॉर्शनमध्ये जास्तच कळतं. कॉर्डमधल्या स्वरांच्या आपसातल्या फरकातून तिथे नवे स्वर उगवतात, आणि एक तार जरा हलली की तेही बेसूर होतात. एकेकटा ऐकला तर प्रत्येक ट्रॅक चालून जायचा. चारही एकदम लावले की कोरस आंबट. मिक्सवाल्याने इक्यू (खालच्या-वरच्या स्वरांचा तोल) करून पाहिला, दोन गिटारी डाव्या-उजव्या टोकाला फेकल्या, शेवटी सगळ्याच मागे ढकलल्या. मग कोरसमध्ये जीवच उरला नाही. गायकाची एक सुटी ओळ सॉफ्टवेअरने सुरात आणता येते. चुरगळलेल्या कॉर्डमधून एकच तार उचलून जागेवर बसवायची म्हणजे शिजलेल्या खिचडीतून मीठ काढण्यासारखं आहे. तीन आठवडे झटापट करून अखेर चारही गिटारी पुन्हा वाजवल्या. एका संध्याकाळीत काम झालं.

तेव्हापासून माझ्याकडे दर टेकच्या आधी ट्यूनर, मग कोणी कितीही डोळे फिरवोत. तार हळूच छेडून ट्यून करत नाही. गाण्यात जेवढ्या जोराने वाजणार तेवढ्याच जोराने, कारण जोरात मारली की तार क्षणभर चढते. नव्या तारा आदल्या दिवशी. आणि सेशनच्या आठवडाभर आधी प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत, तर गिटार आधी दुरुस्तीला.

घाई झालेले लोक इथे हमखास बीटल्स काढतात: त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात रेकॉर्ड केली, मग आम्ही का नाही? जरूर करा. आधी त्यांच्याइतक्या रात्री स्टेजवर उभे राहून या. ज्या बँडला दुसऱ्या कडव्यानंतर किती मात्रा थांबायचं हे स्टुडिओत ठरवावं लागतं, त्याने तालमीच्या खोलीत परत जावं. तिथे फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तरी गाण्याची अर्धी दुखणी कळतात.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळ्यांना लिहून कळवा. ड्रमरने घरी 48 किलोहर्ट्झला वाजवलं आणि ती फाइल रूपांतर न करता 44.1 च्या सेशनमध्ये टाकली, तर ड्रम सुमारे 8 टक्के मंद होतात आणि दीड सेमीटोनच्या आसपास खाली घसरतात. एका बँडने हा ‘जड’ आवाज आवडला म्हणून त्यावर बास वाजवूनही टाकला होता. पुढचं विचारू नका.

रेकॉर्ड करताना आवाजाच्या पातळीचं मीटर लाल करू नका. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची शिखरं उणे 10 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहिली तरी काही बिघडत नाही.

ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक) लावल्यावर स्नेअर ड्रम पातळ वाटला तर इक्यूला हात लावण्याआधी फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण दाबून पाहा.

मास्टर ‘अजून लाउड’ हवा, ही मागणी मी आता थेट नाकारतो. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसला (हे गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप) आणतं. तुम्ही ड्रमचे फटके चेपून उणे 7 चा मास्टर दिलात, तर तो खाली ओढला जाणार आणि चेपलेले फटके तेवढे राहणार. दोन मास्टर ताडून पाहायचे तर आवाज समान करून पाहा, कारण मोठं वाजलेलं कानाला नेहमीच बरं वाटतं.

आता दुसरं जुनं दुखणं. मास्टर मंगळवारी हातात आला आणि रिलीज शुक्रवारी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ओळखीच्या एका बँडने हेच केलं. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशित होण्याआधी द्यावं लागतं, आणि निदान 7 दिवस आधी दिलं तर ते फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. यांनी ते रिलीजनंतरच्या सोमवारी शोधायला घेतलं. वरातीमागून घोडं. त्यात यांच्याच नावाचा दुसरा एक कलाकार निघाला, आणि दोन गाणी त्याच्या पानावर जाऊन बसली. लोक दुव्यावर जात होते आणि समोर सिंथेसायझरवाला कुणी अनोळखी गृहस्थ. दुरुस्त व्हायला दहा दिवस लागले, तोवर बँडची अर्धी ऊर्जा स्क्रीनशॉट पाठवण्यात संपली.

मी वितरकाकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) फाइली टाकल्यापासून किमान 4 आठवडे मोजतो. नाव आधी सगळ्या सेवांवर शोधतो. वितरक बदलताना जुने 12 अक्षरी आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख) तसेच नेतो, नाहीतर ऐकल्याचे आकडे शून्यापासून सुरू होण्याची भीती. रीमिक्सला मात्र नवा कोड. आणि विनाइलची तबकडी काढणार असाल तर टेस्ट प्रेसिंग (छपाईआधीची नमुना तबकडी) कानाने ऐकल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. एका बाजूला 20-22 मिनिटांच्या वर कोंबलं की आवाज बारीक होतो, आणि केंद्राजवळच्या शेवटच्या गाण्यात झांजा आणि ‘स’कार फाटतात. तिथे शांत गाणं ठेवा.

गाणं कोणाचं आणि रेकॉर्डिंग कोणाचं, हे दोन वेगळे हक्क आहेत. कोणाचा किती वाटा ते पहिल्या टेकआधी कागदावर घ्या, मैत्री आहे तोवर.

एक शेवटचं. ‘फायनल_फायनल_2_नवीन’ या नावाची फाइल आमच्याकडून मास्टरिंगला गेली होती, आणि तिच्यात बासच नव्हता; गायकाने सरावासाठी काढलेली प्रत होती ती. आता माझ्या फाइलींच्या नावात तारीख आणि क्रमांक असतो. ‘फायनल’ हा शब्द टाकायला बँडमध्ये कोणालाच परवानगी नाही.