फिश टँकमध्ये पाणी आणि खत आपोआप सोडताय? खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि घरातल्या फिश टँकचं पाणी डोळ्यांदेखत उतरायला लागतं. हवा कोरडी, त्यात पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर लावलेला पंखा. माझी टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. पाणी एक सेंटिमीटर उतरलं की चार लिटर उडालं, आणि मेमध्ये एवढं रोज उडतं. लग्नसराईत चार दिवस बाहेरगावी राहिलं तर परत येईपर्यंत फिल्टरचं तोंड उघडं पडलेलं असतं.

म्हणून इकडे आता बरेच जण आपोआप पाणी भरणारा सेट आणि टाकीतल्या झाडांना मापून खत देणारा डोसिंग पंप बसवतात. घेताना मोबाइल अ‍ॅप आहे का, किंमत किती, एवढंच बघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी एक प्रश्न विचारा: हे बिघडलं तर टाकीत जास्तीत जास्त किती पाणी आणि किती खत जाईल?

कूलरचा बॉल टाकीला लावणं

ही आपल्याकडची सर्रास होणारी चूक. कूलरला बॉल असतोच, तोच टाकीला लावला, पाइप गच्चीवरच्या टाकीला जोडला की काम झालं असं वाटतं. पण बॉल अडकला तर गच्चीवरची पूर्ण टाकी दिवाणखान्यात रिकामी होते. शिवाय दुपारी त्या पाइपातून येणारं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतो.

बोअरचं असेल तर त्रास हळू येतो, म्हणून लवकर कळत नाही. वाफ होते ती फक्त पाण्याची; क्षार मागे राहतात. समजा बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८०० आहे, टाकीत प्रत्यक्ष पाणी १५० लिटर आहे आणि तुम्ही महिनाभर रोज चार लिटर भर घातली. १२० लिटरबरोबर आलेले क्षार त्याच १५० लिटरांत साठतात, आणि टीडीएस हिशेबाने ६४०ने वाढून १४४०वर जातो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं आणि मासे मात्र मलूल होतात. भर घालायची ती आरओच्या पाण्याची. टीडीएस ५० असलेलं पाणी असेल तर हीच वाढ ४०वर थांबते. आठवड्याला पाणी बदलताना मात्र निव्वळ आरओ वापरू नका, माशांना आणि झाडांना थोडे क्षार लागतात.

मोठा ड्रम, उंच जागा

ही चूक माझ्या घरात झाली. सारखं भरायला नको म्हणून आरओच्या पाण्यासाठी ५० लिटरचा ड्रम आणला आणि जागा नव्हती म्हणून टाकीपेक्षा उंच कपाटावर ठेवला. रात्री पाणी पडल्याचा आवाज येतो म्हणून नळीचं टोक टाकीच्या पाण्यात बुडवलं. पंप वेळेवर बंद झाला, पण नळी भरलेली होती, सायफन लागला आणि पाणी येतच राहिलं. पहाटे खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवत होत्या, "भाऊ, पानी येई ऱ्हायनं खाले!" त्यांच्या खोलीचं छत भिजलं होतं. माझ्या टाकीतल्या पाण्याची कठीणता एका रात्रीत इतकी खाली आली की झिंगे दोन दिवसांत गेले.

तेव्हापासून कॅन जमिनीवर असतो, टाकीच्या पातळीखाली. नळीचं टोक पाण्याच्या वर दोन बोटं, क्लिपने घट्ट बसवलेलं. आवाज नको असेल तर टोक काचेला टेकवा, पाणी काचेवरून गुपचूप ओघळतं.

कॅन केवढा घ्यायचा याचाही हिशेब आहे. नेहमीच्या पातळीपासून काठापर्यंत माझ्याकडे चार सेंटिमीटर जागा आहे, म्हणजे १६ लिटर. म्हणून कॅन १५ लिटरचा. पातळी बघणाऱ्या सेन्सरने कितीही घोळ घातला तरी फरशीवर पाणी येणार नाही. मेमध्ये हा कॅन पावणेचार दिवस पुरतो. जास्त दिवस जायचं असेल तर शेजाऱ्यांना कॅन भरून ठेवायला सांगा; मोठा ड्रम आणू नका. आणि कॅनला झाकण हवंच, उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

एकाच सेन्सरवर भरवसा

फ्लोट स्विचमध्ये (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा) गोगलगाय शिरून बसते आणि तो खालीच राहतो. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरवर शेवाळाचा थर चढतो. म्हणून वरच्या पातळीला दुसरा स्विच असलेला आणि ठरावीक वेळेनंतर पंप स्वतःहून थांबवणारा सेट घ्या. रोज चार लिटर लागत असतील आणि पंप मिनिटाला दोन लिटर देत असेल तर त्याला दोन मिनिटं पुरतात. चार मिनिटांवर तो थांबलाच पाहिजे. टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, असेल तर सेन्सर पाणी वर परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात बसवा, पातळी तिथेच उतरते.

डोसिंग पंप साध्या टायमरवर

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खताचं गणित खान्देशात कुणाला शिकवायला लागत नाही. केळीला ठिबकमधून खत सोडणाऱ्या घरातला मुलगा टाकीला खत देताना तीच शिस्त विसरतो, याचं वाईट वाटतं.

तेरा-शून्य-पंचेचाळीस (हे आकडे नत्र-स्फुरद-पालाशचे) म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १०० ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण केलं तर एका मिलिलिटरमध्ये साधारण ६१ मिलिग्रॅम नायट्रेट येतं. १५० लिटर पाण्यात रोज ५ मिली दिलं की लिटरमागे दोन मिलिग्रॅम, दाट झाडांना चांगलं. आता काट्याच्या साध्या टायमरवर कमीत कमी टप्पा १५ मिनिटांचा असतो. मिनिटाला ५० मिली देणारा पंप त्यावर लावला तर एका वेळेला ७५० मिली जाईल, म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम नायट्रेट एका दमात. पंप मिलिलिटरमध्ये डोस लावता येणारा, सावकाश फिरणारा घ्या आणि बाटलीत आठ-दहा दिवसांपुरतंच द्रावण ठेवा.

लाइटचं विसरू नका. लाइट गेली की काट्याचा टायमर तेवढा मागे पडतो. काही पंप तर लाइट आल्यावर घड्याळ विसरतात आणि दिवसाचा डोस पुन्हा देतात. दिवसातून तीनदा लाइट गेली तर काय होईल ते सांगायला नको. दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून बघा, वेळ आणि डोस जागेवर राहिला तरच पैसे द्या.

कृषी केंद्रातून खत आणताना एकोणीस-एकोणीस-एकोणीस किंवा बारा-एकसष्ट-शून्य चुकूनही आणू नका. त्यात अमोनियम असतं, पहिल्यात युरियाही. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ आणि तापमान ३० अंश असेल तर एकूण अमोनियातला सात टक्क्यांहून जास्त भाग माशांना विषारी अशा रूपात असतो. स्फुरदासाठी शून्य-बावन्न-चौतीस चालतं, पण लोह असलेल्या खताच्या बाटलीत ते मिसळू नका, साका खाली बसतो. दोन बाटल्या, दोन नळ्या, आणि डोस दिवसाआड आलटून पालटून.

समुद्री टाकीवाल्यांनी कॅल्शियम आणि क्षारता यांचे डोस वेगळ्या जागी, अर्ध्या तासाच्या तरी अंतराने द्यावेत, नाहीतर पांढरा चुना बसतो. आणि भर गोड्या आरओ पाण्याचीच. मीठ उडून जात नाही.

नळी दबली की माप चुकतं

डोसिंग पंपात रोलर मऊ नळीला दाबत पाणी पुढे ढकलतात. नळी सैल पडली की ५ मिलीचे ४ होतात. महिन्यातून एकदा ५ मिलीचे दहा डोस मापात घ्या, ५० भरले पाहिजेत. सुटी नळी बाजारात मिळत नसेल तर तो पंप घेऊ नका.

गावाला निघायच्या आठ दिवस आधी सगळं चालू करा. मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा. फ्लोट हाताने खाली दाबून धरा आणि घड्याळ बघा. चार मिनिटांनी पंप थांबला नाही तर या वेळी शेजारच्या काकूंना चावी देऊन जा.