घरातले इंटरनेट वेगवान करताना या चुका टाळा

इंटरनेट संथ वाटू लागले की अनेक घरांत आधी मोठा प्लॅन घेतला जातो, मग महागडा राउटर येतो, आणि तरीही शेवटच्या खोलीत व्हिडिओ अडकतच राहतो. पुरवठादाराच्या पेटीपासून हातातल्या फोनपर्यंत माहिती अनेक टप्प्यांतून जाते आणि त्यांतला सर्वांत मंद टप्पा जो असेल त्याचाच वेग शेवटी पदरात पडतो. तो टप्पा कोणता हे कळण्याआधी केलेली खरेदी बहुधा वाया जाते.

न मोजता खरेदी करणे

मोजणी नेहमी केबलपासून सुरू करावी. फायबर जिथे संपते त्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, संगणक केबलने जोडून स्पीड टेस्ट घ्यावी. नंतर राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली उपकरणे जोडायच्या खाचेला, जोडून, त्यानंतर राउटर असलेल्याच खोलीत वायफायवर आणि शेवटी ज्या खोलीबद्दल तक्रार आहे तिथे. ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतील, तर पहिल्या दोन मोजण्या एकच होतात. वेग ज्या दोन मोजण्यांच्या मध्ये घसरतो, दोष तिथेच असतो. पहिल्याच मोजणीत, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी आणि इतर डाउनलोड थांबवूनही वेग कमी आला, तर ती केबल आणि संगणकाचा पोर्ट ठीक असल्याची खात्री करून पुरवठादाराकडे तक्रार करावी. राउटर बदलून काही साधणार नाही.

एककांचा गोंधळही इथेच मिटवून टाकावा. प्लॅनचा वेग सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा सांगितला जातो, तर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे २०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला २५ मेगाबाइटच्या आसपास दिसले, तर सर्व काही सुरळीत आहे.

९४ वर अडकलेला वेग न ओळखणे

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, केबलही जोडलेली आहे आणि तरी स्पीड टेस्ट दर वेळी ९३ ते ९५ च्या दरम्यानच थांबते, ही खूण ज्याला ओळखता आली त्याचा बराच मनस्ताप वाचतो. वाटेतली एखादी जोडणी १०० एमबीपीएसवर चालते आहे असा याचा अर्थ असतो. पत्ता वगैरे हिशेबाच्या माहितीत थोडा वाटा खर्च होतो आणि हातात सुमारे ९४ उरतात.

कारण पुष्कळदा केबलमध्ये सापडते. नेटवर्क केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही लागतात. त्यामुळे बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी जोडणी बंद पडत नाही. दोन्ही बाजूंची उपकरणे आपसांत ठरवून गुपचूप १०० वर उतरतात आणि दिवा नेहमीसारखा लुकलुकत राहतो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये किंवा राउटरच्या पानावर त्या पोर्टचा जोडणी-वेग पाहावा. तो १०० दिसला, तर आधी केबल बदलून पाहावी, मग मधला जुना स्विच (एका केबलवरून अनेक उपकरणे जोडणारी पेटी), आणि त्यानंतरच राउटर. राउटर शेवटी ठेवला असला तरी तो दोषी असूच शकतो, कारण खोक्यावर १२०० चा आकडा मिरवणाऱ्या काही राउटरचे पोर्ट १०० चेच असतात. खरेदीपूर्वी तपशिलात ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधावेत.

केबल घेताना कॅट ५ई प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेगाला पुरेशी असते. कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत आणि कॅट ६ए १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट वाहून नेते. भिंतीतून केबल टाकायची असेल, तर शुद्ध तांब्याच्या कॅट ६ किंवा ६ए वर खर्च करावा, कारण ती पुन्हा बदलणे जिकिरीचे असते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिचा रोध जास्त असतो, ती लवकर तुटते आणि कॅट केबलच्या मानकात ती बसत नाही.

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबणे

‘एएक्स ३०००’ असे लिहिलेल्या राउटरवर एका फोनला ३००० एमबीपीएस मिळत नाहीत. तो आकडा वायफायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे २४०२ यांची गोळाबेरीज करून काढलेला असतो. त्यांतल्या २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल (पट्ट्यातली एक वाट) वापरू शकणारे उपकरण लागते. ८० मेगाहर्ट्झपर्यंतच चालणाऱ्या दोन अँटेनांच्या फोनला जोडणी-वेग १२०१ चा मिळतो, आणि हवेतली एकच वाट सर्वांना आळीपाळीने वापरावी लागत असल्यामुळे प्रत्यक्षातला वेग त्याहून बराच खाली येतो.

वायफाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्याचा ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच मिळतो, आणि तो पट्टा वापरण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. घरातले फोन आणि लॅपटॉप वायफाय ५ किंवा ६ चे असतील, तर नव्या राउटरचे हे सामर्थ्य पडूनच राहील. माझ्या मते काहीशे एमबीपीएसच्या प्लॅनला सर्व पोर्ट गिगाबिट असलेला चांगला वायफाय ६ राउटर पुरेसा आहे. प्लॅन १ गिगाबिटच्या वर असेल तरच २.५ गिगाबिटचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या केबलचा पोर्ट, शोधावा, पण मग निदान एक लॅन पोर्टही तेवढाच असावा. नाहीतर केबलने जोडलेला संगणक १ गिगाबिटलाच थांबतो.

राउटर कोपऱ्यात, मेशचा नोड अंधाऱ्या जागी

फायबर जिथे आत येते तिथेच, दाराजवळच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे, राउटर ठेवून दिला जातो. धातू, आरसे, पाणी आणि काँक्रीट हे सगळे सिग्नल अडवतात, आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा भिंतींत अधिक जिरतो. ओएनटी आहे तिथेच राहू द्यावा आणि तिथून एक नेटवर्क केबल घराच्या मध्यापर्यंत नेऊन राउटर उंच, मोकळ्या जागी ठेवावा. एवढ्यानेच पुष्कळदा दुसऱ्या उपकरणाची गरज संपते.

तरीही मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या अनेक पेट्यांचा संच, लागलाच, तर त्याचा नोड (त्यातली एक पेटी) रेंज नसलेल्या खोलीत ठेवण्याची चूक करू नये. नोडला स्वतःलाच क्षीण सिग्नल मिळत असेल, तर तो पुढे काय देणार? मुख्य राउटर आणि ती खोली यांच्या दरम्यान, जिथे रेंज अजून चांगली आहे, ती त्याची जागा. एकाच रेडिओवरून माहिती घ्यायची आणि पुढेही धाडायची असेल, तर वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून शक्य असेल तिथे नोड केबलनेच राउटरला जोडावेत.

दोन राउटर एकामागे एक चालवणे

पुरवठादाराच्या पेटीतही राउटर असतो आणि त्याच्यामागे आपण दुसरा लावतो, तेव्हा घरातल्या उपकरणांच्या नेटवर्क-पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात होणारे रूपांतर दोनदा होऊ लागते. साधे पान उघडते, पण ऑनलाइन खेळ जोडले जात नाहीत, बाहेरून कॅमेरा पाहता येत नाही, एका वायफायवरच्या लॅपटॉपला दुसऱ्यावरचा प्रिंटर सापडत नाही. आपल्या राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा हेच घडते आहे. पुरवठादाराची पेटी ब्रिज मोडमध्ये (तिच्यातला राउटर बंद ठेवून) टाकून घ्यावी, किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (रूपांतर न करता फक्त वायफाय देण्यासाठी) चालवावा. तो पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर दुसरे रूपांतर पुरवठादाराच्याच जाळ्यात होते आहे. त्याला घरात उपाय नाही, सार्वजनिक पत्ता मागूनच घ्यावा लागतो.

सेटिंगमध्ये सर्वांत मोठा पर्याय निवडणे

रुंद चॅनेल म्हणजे जास्त वेग, हे मोकळ्या हवेतच खरे ठरते. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी आसपास कमी वापरात असलेला चॅनेल निवडावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला चिकटून ठेवली, तर याच पट्ट्यात गोंगाट होतो. ५ गिगाहर्ट्झवर ८० पुरेसे आहे. १६० साठी सहसा रडारसाठी राखलेल्या चॅनेलांत शिरावे लागते. रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून हटावे लागते, आणि अशा चॅनेलवर पुन्हा सुरू होण्यापूर्वी निदान ६० सेकंद नुसते ऐकत थांबावे लागते. वायफाय अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर हे आधी तपासावे.

स्पीड टेस्ट उत्तम येते, पण कुणी मोठी फाइल चढवू लागताच व्हिडिओ कॉल तुटतो, अशी तक्रार असेल, तर राउटरमध्ये माहितीची रांग तुंबते आहे. ही रांग आवरणारी एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती सुरू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. मात्र त्यानंतर वेग पुन्हा मोजावा, कारण स्वस्त राउटरमध्ये अशी सोय सुरू होताच हार्डवेअरची मदत बंद पडते आणि एकूण वेगच कोसळतो.