हळदीचे हात आणि ओटीपी

धाकट्या बहिणीचं लग्न गुहागरच्या किनाऱ्यावर. माझं काम चार ग्राहकांच्या वेबसाइट सांभाळायचं, म्हणजे सुट्टी अशी नसतेच. सगळ्यांना आठवडाभर आधी कळवलं, जीमेलवर सुट्टीचं उत्तर लावलं (ते आपोआप जातं, पण त्याच माणसाला 4 दिवसांतून एकदाच, हे उशिरा कळलं), काम मित्राकडे सोपवलं. तरी हळदीच्या दिवशी फोन वाजलाच. मित्राला लॉगिन करायचं आणि ओटीपी माझ्या नंबरवर! सुरूच्या बनात रेंजची एकच काडी, फोनची काच पिवळी झालेली, आणि आत्या ओरडतेय, "ठेव गो बाजूला तो फोन!"

रात्री गूगल खात्याचे बॅकअप कोड काढले, ओटीपीऐवजी टाकायचे. 10 मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. दोन मित्राला वाचून दाखवले आणि फोन मामाच्या पेटीत टाकला. हे खरं तर घर सोडण्याआधीच करायचं होतं.

मग मांडव. मामाचा हिशोब साधा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमी, म्हणजे साडेसात. मुहूर्त गोरज. मांडव वीस पावलं मागे घेतला. जेवणं चालू असताना पाणी जुन्या खुंट्यांच्या भोकांत शिरत होतं.