चिलकूटची वाट: सोनं शोधणाऱ्यांच्या खिंडीतून पाच दिवसांत

ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत हजारो माणसं अलास्काच्या किनाऱ्यावरून चिलकूट खिंड चढून युकॉन नदीकडे निघाली. वाट त्यांच्या आधीपासूनची, ट्लिंगिट लोकांच्या व्यापाराची. वर्षभराचा शिधा सोबत नसेल तर कॅनडाचे पोलीस खिंडीवरूनच परत पाठवत. अवजारं धरून हे ओझं जवळपास एक टन व्हायचं, म्हणून एकेकाला त्याच चढाच्या तीस-चाळीस खेपा कराव्या लागत. आज एकच खेप पुरते, पण ती खिंडीच्या दिवसाभोवती आखावी लागते.

अलास्कातलं डायी ते कॅनडातलं बेनेट हे अंतर 53 किलोमीटर, खिंडीची उंची 1,067 मीटर. सिंहगडाहूनही कमी! या आकड्यावर विसंबू नका. चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि ही जागा साठाव्या अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत खिंडीत बर्फ असतो. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर हा त्यातल्या त्यात बरा काळ.

आधी कागदपत्रं. रोज फक्त 50 जणांना खिंड ओलांडायला परवानगी मिळते. आरक्षण पार्क्स कॅनडा या कॅनडाच्या उद्यान खात्याकडे करायचं आणि कुठल्या रात्री कुठला कॅम्प, हे तेव्हाच ठरवायचं. विमानाचं तिकीट परवाना हातात आल्यावरच काढा. 2022 च्या पुरात अमेरिकेकडच्या वाटेचं मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे यंदा किती वाट खुली आहे आणि सीमा ओलांडण्याची नोंद कशी करायची, हे दोन्ही देशांच्या उद्यान खात्यांकडे विचारून घ्या. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. बेनेटहून रेल्वेने अलास्कातल्या स्कॅगवेला परतणार असाल तर तो अमेरिकेतला दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिथे अडचण येऊ शकते.

सामान. सॅक 15 किलोच्या आत ठेवा. वाटेवर शेकोटीला बंदी आहे, म्हणून स्टोव्ह हवाच. गॅसचा डबा आणि अस्वलासाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाहीत, ते तिथे पोहोचल्यावर विकत घ्या. कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती टी-शर्ट भिजला की वाळत नाही, आणि पाच-सहा अंशांच्या वाऱ्यात अंग गार पडायला वेळ लागत नाही. बूट घोट्यापर्यंतचे आणि रुळलेले, शिवाय बर्फ-पाणी बुटात जाऊ न देणारे गेटर्स, दोन ट्रेकिंग पोल, हातमोज्यांचे दोन जोड, पाणी शुद्ध करायची सोय आणि एक दिवसाचं जादा जेवण.

पहिले दोन दिवस. स्कॅगवेहून डायी गाडीने सुमारे 15 किलोमीटर. वाट सुरू होताच एक छोटा पण खडा चढ लागतो. तिथे दमलात तर घाबरू नका, पुढे बराच वेळ नदीकाठचं जंगल आहे. पहिला मुक्काम कॅनियन सिटी, 12.5 किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी शीप कॅम्पपर्यंत जेमतेम सहा-साडेसहा किलोमीटर चाला आणि लवकर झोपा. हा आखूड दिवस वाचवायचा मोह अनेकांना होतो. मग खिंडीत पाय साथ देत नाहीत. खाण्याचे पदार्थ, टूथपेस्ट, साबण, वासाचं सगळं कॅम्पवरच्या अस्वलरोधक पेट्यांत ठेवा. तंबूत काहीही नको.

खिंडीचा दिवस. शीप कॅम्प ते हॅपी कॅम्प अंतर 13 किलोमीटरच्या आसपास, पण वेळ नऊ ते बारा तास. हंगामाच्या सुरुवातीला पहाटेच निघा. दुपारी उन्हाने बर्फ सैल होतो आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. 3 एप्रिल 1898 ला याच टप्प्यात कोसळलेल्या बर्फाखाली साठाहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या अनेकांच्या कबरी डायीला आहेत.

द स्केल्स (म्हणजे तराजू) या सपाटीवर पूर्वी हमाल ओझं पुन्हा तोलून दर वाढवत. तिथून वर सोनेरी जिना. त्या हिवाळ्यांत बर्फात पायऱ्या खोदल्या होत्या, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात बर्फ गेला की उरते मोठ्या धोंड्यांची रास. इथे पोल सॅकला बांधा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. प्रत्येक धोंडा भार देण्याआधी हलवून पाहा, पुढच्या माणसाच्या थेट खाली थांबू नका. याच कारणाने वाट डायीकडूनच करावी: हा उतार उतरणं चढण्याहून जास्त धोक्याचं. माथ्याआधी दोन फसवे माथे लागतात. धुकं असेल तर खुणेचे खांब सोडू नका. खिंडीवर भिजलेल्या अंगाने रेंगाळू नका, हॅपी कॅम्प अजून साडेसहा किलोमीटर आहे.

वाटेत गंजलेली भांडी, बुटांचे तळवे, तारा, घडीच्या होड्यांचे सांगाडे दिसतील. त्यांना हात लावू नका. उचलणं हा दोन्ही देशांत गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेल्या वस्तूचा अर्धा इतिहास तिथेच संपतो.

उतार. चौथा मुक्काम लिंडेमन किंवा त्यापुढे बेअर लून तलाव. पाचव्या दिवशी बेनेट, तिथलं 1899 चं लाकडी चर्च आणि रेल्वे स्टेशन. गाडी रोज नसते, जागा आधीच राखून ठेवा. चुकली तर रुळांवरून चालत निघू नका, त्याला मनाई आहे. उन्हाळ्यात बेनेटचं घड्याळ अलास्काच्या एक तास पुढे असतं, म्हणून तिकिटावरची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते स्कॅगवे सोडण्याआधीच विचारा.